फाइल टेपवर आहे : मोठ्या दृक्‌श्राव्य संग्रहाचा सर्व्हर जलद कसा करावा

दोन तासांचा चित्रपट ४केमध्ये स्कॅन केला की १,७२,८०० फ्रेम हाती येतात. १०-बिट डीपीएक्समधली ४०९६ बाय ३११२ पिक्सेलची एक फ्रेम साधारण ५१ एमबीची असते. म्हणजे एका चित्रपटाचे ८.८ टीबी झाले. संपादनासाठी त्याच चित्रपटाची यूएचडी प्रोरेस ४२२ एचक्यू प्रत केली तर ती सुमारे ६४० जीबी भरते, आणि नुसतं बघायला ५ मेगाबिटची एच.२६४ प्रत केली तर साडेचार जीबीत काम भागतं. १९६४पासून चित्रपट जमवणारं पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असो, मुंबईतला पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओ असो, वृत्तवाहिनीची लायब्ररी असो की जुन्या मैफिलींच्या टेप डिजिटल करणारी एखादी संस्था असो, हे आकडे सगळ्यांच्याच मानगुटीवर बसतात. ध्वनीचं त्यातल्या त्यात बरं असतं. ९६ किलोहर्ट्झ, २४-बिट स्टीरिओ ध्वनिमुद्रण तासाला जेमतेम २ जीबी घेतं.

एवढं सगळं वेगवान डिस्कवर ठेवणं कोणालाच परवडत नाही. म्हणून साठवण थराथरांची करतात. वर रॅम, तिच्याखाली एसएसडी, मग हार्ड डिस्क आणि तळाशी एलटीओ टेपची लायब्ररी. कोणती फाइल कोणत्या थरावर राहील हे ठरवणारं सॉफ्टवेअर म्हणजे एचएसएम. फाइल टेपवर गेली तरी फोल्डरमध्ये तिचं नाव दिसत राहतं, आणि कोणी ती उघडली की एचएसएम ती टेपवरून पुन्हा डिस्कवर आणतं. व्यवस्था चांगली आहे. तरीही अशा प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी तक्रार ऐकू येते की सर्व्हर स्लो आहे, आणि त्यावर आणखी एसएसडी घ्या असा सल्ला मिळतो. माझं मत वेगळं आहे. अशा संग्रहातला बहुतेक वेळ चुकीच्या थराकडे, चुकीच्या क्रमाने गेलेल्या मागण्यांत खर्च होतो. तो वाचवायला पैसा थोडा लागतो. खरी गरज असते ती आपल्याकडे कोण काय मागतं हे नीट पाहण्याची.

आधी लक्षण ओळखा

‘स्लो आहे’ या दोन शब्दांमागे निदान चार वेगळी दुखणी असतात. कॉपी सेकंदाला ११०-११५ एमबीवर येऊन तिथेच टिकत असेल, तर अडथळा गिगाबिट नेटवर्कचा आहे. सर्व्हरला हात न लावता १० गिगाबिटचं कार्ड आणि स्विच घ्या. फाइल एकदा सुरू झाली की सुरळीत चालते, पण फोल्डर उघडायलाच मिनिटभर लागतो, असं असेल तर मेटाडेटा अडतो आहे. एक एडिटर बसला असताना काही त्रास नाही आणि तिसरा-चौथा बसला की प्लेबॅक अडखळतो, ही हार्ड डिस्कच्या हेडची धावपळ आहे. आणि पहिल्यांदा मागितलेली फाइल पाच-सात मिनिटं येतच नाही, दुसऱ्यांदा मात्र लगेच उघडते, तेव्हा टेपकडे पाहायचं.

लिनक्सवर आयोस्टॅट चालवून डिस्कनिहाय प्रतीक्षावेळ बघता येतो आणि झेडएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर झेडपूल आयोस्टॅट तेच काम करतं. पण यापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे साधी नोंद. कोणी, कोणती फाइल, किती वाजता मागितली आणि ती मिळायला किती वेळ लागला, हे महिनाभर एका तक्त्यात जमा होऊ द्या. बहुतेक एचएसएम प्रणालींच्या लॉगमध्ये हे सगळं असतंच, ते कोणी उघडून बघत नाही एवढंच. बघताना सरासरीवर विसंबू नका. ज्या मागण्यांना सर्वांत जास्त वेळ लागला त्या वेगळ्या काढा आणि त्यांच्यात समान काय आहे ते शोधा. पुढच्या सगळ्या निर्णयांना ही नोंद लागणार आहे.

हार्ड डिस्क : एका उडीत किती उचलता

७२०० आरपीएमच्या डिस्कचं हेड हव्या त्या ट्रॅकवर पोचायला साधारण ८ मिलिसेकंद लागतात, आणि तबकडी फिरून नेमकी जागा हेडखाली यायला सरासरी आणखी ४. एवढ्या १२ मिलिसेकंदांत, सेकंदाला २५० एमबीने सलग वाचणारी हीच डिस्क ३ एमबी वाचून मोकळी झाली असती. अनेक जण एकाच वेळी वेगवेगळ्या फायली वाचत असतात तेव्हा हेड सतत उड्या मारतं, आणि प्रत्येक उडीत ते किती डेटा उचलून आणतं यावर सगळा वेग ठरतो. उडीमागे १२८ केबी उचलले तर डिस्कचा वेग सेकंदाला १० एमबीच्या आसपास घसरतो. १ एमबी उचलला तर ६० एमबीच्या वर जातो, आणि ४ एमबी उचलले तर १४० एमबीच्या वर. डिस्क तीच, केबल तीच, वेगात मात्र चौदापट फरक.

लिनक्स साध्या डिस्कसाठी रीड-अहेडची, म्हणजे मागण्याआधीच पुढचं वाचून ठेवण्याची, मर्यादा मुळात १२८ केबीच ठेवतं. छोट्या कागदपत्रांच्या सर्व्हरला ती योग्य आहे, चित्रफितींच्या सर्व्हरला ती जाचक ठरते. मोठ्या फायलींच्या व्हॉल्यूमवर ती वाढवा. रेडमध्ये हा आकडा सगळ्या डिस्कांत वाटला जातो हेही ध्यानात घ्या. आठ डेटा डिस्क असतील तर ४ एमबीचे प्रत्येकी ५१२ केबीच होतात, म्हणून तिथे ३२ एमबीपर्यंत जायलाही हरकत नाही. वीस जण एकाच वेळी वाचत असले तरी त्यासाठी रॅम ६४० एमबीच लागेल, आणि आजच्या सर्व्हरला ती किरकोळ आहे. झेडएफएसमध्ये रेकॉर्डसाइझ मुळात १२८ केबी असते. माध्यम-फायलींच्या डेटासेटला ती १ एमबी करा, नव्या आवृत्त्यांत त्याहून मोठीही ठेवता येते. हा बदल नव्याने लिहिल्या जाणाऱ्या फायलींनाच लागू होतो, त्यामुळे संग्रह आत भरण्याआधी तो करावा. जुन्या फायलींना फायदा हवा असेल तर त्या पुन्हा कॉपी कराव्या लागतात. फाइल वाचली की तिची शेवटच्या वापराची वेळ लिहून ठेवण्याची सवयही बंद करा. वाचनामागे लेखन, हा भुर्दंड माध्यम-सर्व्हरवर कशाला हवा?

डिस्कांची रचना करताना २४ डिस्कांचा एकच मोठा गट करण्याचा मोह होतो, कारण पॅरिटीत जागा कमी जाते. पण झेडएफएसच्या रेडझेड गटाची विखुरलेल्या मागण्या पुरवण्याची ताकद साधारण एका डिस्कइतकीच असते. आठ-आठ डिस्कांचे तीन गट करा आणि प्रत्येकात दोन डिस्क पॅरिटीला द्या. जागा थोडी जाईल, पण एकाच वेळी तीन ठिकाणी काम होईल. गट लहान असण्याचा दुसरा फायदा डिस्क बिघडल्यावर कळतो. २० टीबीची डिस्क पूर्ण वेगाने नव्याने भरायलाही २२ तास लागतात, आणि वर एडिटर काम करत असतील तर काही दिवस. तीन गट असतील तर तेवढे दिवस त्रास एकाच गटाला होतो. डिस्क विकत घेताना ती एसएमआर पद्धतीची नाही ना, हे डेटाशीटमध्ये तपासून घ्या. एसएमआर डिस्क सुरुवातीला चांगली चालते आणि नेमकी गट नव्याने भरताना कोलमडते. आणि कोणताही साठा ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नका. त्यापुढे रिकामी जागा तुकड्या-तुकड्यांत उरते आणि सलग लिहिलेली फाइलही विखरून पडते.

डीपीएक्सबद्दल खास सांगायला हवं, कारण त्यात प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल असते. पावणेदोन लाख फायली एकाच फोल्डरमध्ये टाकल्या तर कितीही चांगला सर्व्हर गुदमरतो. चित्रपटवाले रिळांच्या हिशोबात विचार करतातच, फोल्डरही तसेच ठेवा. ३५ मिमीच्या १००० फुटी रिळात १६,००० फ्रेम असतात, एवढा फोल्डर सांभाळता येतो. त्याहून उत्तम म्हणजे रॉकुक्ड हे साधन वापरून फ्रेमांची पूर्ण मालिका एका एमकेव्ही फाइलमध्ये, एफएफव्ही१ कोडेकने, काहीही न गमावता बांधणं. हव्या तेव्हा मूळ डीपीएक्स बिट-बिट जुळून परत मिळतात, जागा वाचते, आणि हजारो फायलींऐवजी एकच फाइल सांभाळावी लागते. जतनाच्या प्रतीसाठी मी हाच मार्ग सुचवेन. रंगसंस्कार चालू असलेल्या कामाच्या प्रतीला मात्र डीपीएक्स तसेच राहू द्या.

एसएसडीवर काय ठेवावं

चित्रपट तिथे ठेवू नका. सलग वाचायच्या मोठ्या फाइलला हार्ड डिस्क पुरते, तिला एसएसडीचा फारसा लाभ नाही. एसएसडीचं खरं काम छोट्या आणि विखुरलेल्या गोष्टींचं आहे. फाइलसिस्टिमचा मेटाडेटा, कॅटलॉगचा डेटाबेस, थंबनेल, उपशीर्षकं, ध्वनीचे वेव्हफॉर्म, आणि शक्य असेल तर सगळ्या प्रॉक्सी, म्हणजे नुसतं बघायच्या हलक्या प्रती. ओपनझेडएफएसमध्ये मेटाडेटासाठी एसएसडीचा वेगळा खास गट जोडता येतो आणि ठरावीक आकाराखालच्या छोट्या फायलीही त्यावर पाठवता येतात. फोल्डर उघडायला लागणारा मिनिट यानेच जातो. हा गट गेला तर पूर्ण साठाच जातो, म्हणून तो किमान दोन एसएसडींचा मिरर असलाच पाहिजे. इथे काटकसर करू नका.

प्रॉक्सीचा हिशोब तर डोळे उघडणारा आहे. एका ४के स्कॅनच्या जागेत साडेचार जीबीच्या १९०० हून अधिक प्रॉक्सी मावतात. संशोधक, पत्रकार, कार्यक्रमाचा निर्माता, यांना आधी फक्त बघायचं असतं. या प्रसंगात पात्राने कोणती साडी नेसली होती, त्या सभेत व्यासपीठावर कोण बसलं होतं, आलाप कुठे संपतो. हे सगळं प्रॉक्सीवर भागतं. हजार चित्रपटांच्या प्रॉक्सींना साडेचार टीबी लागतील, म्हणजे दोन-तीन एसएसडी. हे एवढं केलं तर टेपकडे जाणाऱ्या मागण्यांची संख्या जितकी कमी होईल, तितकी ती कोणत्याही महागड्या यंत्राने होणार नाही. प्रॉक्सीवर मूळ फाइलचाच टाइमकोड घाला, म्हणजे निवडलेला तुकडा मूळ फाइलमधून नेमका मागवता येतो.

प्रॉक्सी एमपी४ असेल तर आणखी एक बारकावा. एमपी४ आणि क्विकटाइम फायलींची अनुक्रमणिका अनेकदा फाइलच्या शेवटी लिहिलेली असते. प्लेअर आधी शेवटाकडे जातो, मग सुरुवातीला येतो. डिस्कवर हे जाणवत नाही. तीच फाइल टेपवरून येत असेल तर शेवट हाती येईपर्यंत पहिली फ्रेमही दिसत नाही. एफएफएमपेगमध्ये फास्टस्टार्ट हा पर्याय दिला की अनुक्रमणिका सुरुवातीला येते. प्रती तयार करतानाच हे केलं तर पुढे कसलाच खर्च नाही.

टेप : वेळ वाचण्यात जात नाही, शोधण्यात जातो

टेप हळू असते हा गैरसमज मनातून काढून टाका. एलटीओ-९ची पूर्ण उंचीची ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबी वाचते, एका साध्या हार्ड डिस्कपेक्षा जास्त. वेळ जातो तो तिच्यापर्यंत पोचण्यात. आधीची टेप गुंडाळून बाहेर काढणं, रोबोटने ती कप्प्यात ठेवून नवी आणणं, ड्राइव्हने ती ओवणं, यात दीड-दोन मिनिटं जातात. मग १०३५ मीटर लांबीच्या त्या पट्टीवर हवी ती जागा गाठायला सरासरी पाऊण ते एक मिनिट. १ एमबीचं छायाचित्र टेपवर ठेवलं तर ते वाचायला अडीच मिलिसेकंद आणि गाठायला तीन मिनिटं लागतात. म्हणून पहिला नियम असा की छोटी फाइल टेपवर एकटी जाऊ द्यायची नाही. छोट्या फायली डिस्कवरच राहू द्या, त्या जागा अडवत नाहीत. त्यांची सुरक्षित प्रत टेपवर हवीच, पण ती एका गठ्ठ्यात बांधून.

गठ्ठा किती मोठा असावा? पूर्ण रीळ एका टार फाइलमध्ये बांधलं तर ते ८१६ जीबी भरतं आणि एका शॉटसाठी ३४ मिनिटं वाचत बसावं लागतं. मिनिटभराचा, म्हणजे १४४० फ्रेमांचा गठ्ठा ७३ जीबीचा होतो आणि तीन मिनिटांत वर येतो. माझ्या मते ५० ते १०० जीबी हे माप योग्य आहे. गाठायला लागणारा वेळ आणि वाचायला लागणारा वेळ साधारण सारखे राहतात, म्हणजे ड्राइव्ह निम्मा वेळ तरी उपयोगी काम करते.

दुसरा नियम मागण्यांच्या क्रमाचा, आणि सर्वांत जास्त वेळ इथेच वाचतो. समजा चार टेपांवरच्या ४० फायली आळीपाळीने मागितल्या गेल्या आणि ड्राइव्ह एकच आहे. आल्या क्रमाने पुरवल्या तर ४० वेळा टेप बदलावी लागेल, म्हणजे ८० मिनिटं निव्वळ अदलाबदलीत. त्याच मागण्या टेपनिहाय लावल्या तर चार बदल, आठ मिनिटं. एवढ्यासाठी मागण्या आल्या आल्या ड्राइव्हकडे सोडू नका. दहा-पंधरा मिनिटं रांगेत जमू द्या, टेपनिहाय गट करा, मग सोडा. एकच खबरदारी घ्यायची. जास्त मागण्या असलेल्या टेपलाच दर वेळी प्राधान्य मिळालं तर एकाच फाइलसाठी थांबलेला माणूस दिवसभर थांबून राहील. म्हणून मागणी जितकी जुनी तितकं तिचं वजन वाढत जाईल, असं धोरण ठेवा.

टेप आत गेल्यावरही क्रम महत्त्वाचाच. शेतात नांगर एका बांधापर्यंत जातो, वळतो आणि शेजारच्या तासाने परत येतो, तसा एलटीओवर डेटा लिहिला जातो. एलटीओ-९ एका वेळी ३२ ट्रॅक लिहिते आणि अशा २८० फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीत साधारण ६४ जीबी. यातून एक उलटं गणित निघतं. सुरुवातीपासून ६४ जीबीवर असलेली फाइल पट्टीच्या दुसऱ्या टोकाला असते, आणि १२८ जीबीवरची फाइल पुन्हा सुरुवातीच्याच टोकाला. १९९६ मध्येच हिलयर आणि सिल्बरशॅट्झ या संशोधकांनी अशा टेपांवरच्या अंतराचं गणित मांडून, क्रम बदलला की वेळ किती वाचतो ते दाखवून दिलं होतं. आता हे काम ड्राइव्ह स्वतः करते. एलटीओ-९च्या पूर्ण उंचीच्या ड्राइव्हला फायलींची यादी दिली की ती सोयीचा क्रम सुचवते. तुमचं एचएसएम ही सोय वापरतं का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि वापरत असेल तर ती चालू आहे याची खात्री करा. एचएसएम नसेल, टेपवरच्या फायली फोल्डरसारख्या दाखवणाऱ्या एलटीएफएस या फाइलसिस्टिमच्या टेप हातानेच लावून काम करत असाल, तर फाइल मॅनेजरमधून ओढून कॉपी करू नका, कारण ती टेपवरच्या जागेचा विचार न करता होते. एलटीएफएस प्रत्येक फाइल कोणत्या ब्लॉकपासून सुरू होते ते सांगतं, आणि त्याच्या मुक्त आवृत्तीसोबत टेपच्या क्रमाने कॉपी करणारं साधनही मिळतं. तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

एका चित्रपटाची चित्रं, ध्वनी आणि उपशीर्षकं एकाच टेपवर ठेवावीत, ही सर्वसाधारण रीत योग्य आहे. अपवाद असा की तुमच्याकडे दोन ड्राइव्ह बऱ्याचदा रिकाम्या असतील आणि काम नेहमी एका वेळी एकाच चित्रपटाचं असेल, तर विषम रिळं एका टेपवर आणि सम दुसरीवर ठेवा. दोन्ही ड्राइव्ह एकदम वाचतील आणि चित्रपट निम्म्या वेळात वर येईल.

पूर्ण फाइल येईपर्यंत थांबायचं कशाला?

१९९०च्या दशकात, टेपवरून व्हिडिओ दाखवायचा कसा या प्रश्नावर बरंच संशोधन झालं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शहराम घांदेहारिझादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना आजही जशीच्या तशी उपयोगी आहे. फाइलचा पुरेसा पहिला भाग डिस्कवर आला की दाखवायला सुरुवात करायची, उरलेला भाग मागून येत राहतो.

आपल्या आकड्यांवर हे करून पाहू. यूएचडी प्रोरेस ४२२ एचक्यूला २४ फ्रेमच्या गतीने सेकंदाला सुमारे ८८ एमबी लागतात. टेप ४०० देते, म्हणजे एकदा सुरू झाली की ती कायम पुढेच राहणार. प्रश्न फक्त सुरुवातीच्या तीन मिनिटांचा उरतो, आणि त्या तीन मिनिटांना १६ जीबी पुरतात. काही एचएसएम प्रणालींत फाइल टेपवर पाठवताना तिचा सुरुवातीचा भाग डिस्कवर ठेवता येतो. ६४० जीबीच्या फाइलचे १६ जीबी, म्हणजे अडीच टक्के, डिस्कवर राहिले की एडिटरने क्लिक करताच चित्र चालू होतं. टेपची अदलाबदल, ओवणं, शोधणं हे सगळं त्याच्या नकळत पार पडतं. ज्या फायली सुरुवातीपासून बघितल्या जातात त्यांना हा उपाय फार गुणकारी आहे.

४के डीपीएक्सची गोष्ट वेगळी. त्याला सेकंदाला १.२ जीबीहून जास्त लागतात आणि एक टेप त्याचा तिसरा हिस्सा पुरवते. अखंड दाखवायचं असेल तर आधी दोन-तृतीयांश फाइल डिस्कवर यायला हवी, म्हणजे चार तासांहून जास्त वाट पाहणं आलं. असं काम आदल्या संध्याकाळीच रांगेत लावावं. कोणी ते दुपारी बारा वाजता अचानक मागितलं तर स्पष्ट वेळ सांगा. फाइल केव्हा मिळेल हे कळलं तर माणूस दुसरं काम हाती घेतो. काहीच कळलं नाही तर तो पुन्हा पुन्हा क्लिक करतो आणि रांग आणखी लांबवतो. मागणीची अंदाजे वेळ दाखवणारं साधं पानही म्हणूनच मोलाचं आहे.

कोणी न मागितलेल्या मागण्या

टेपवरच्या फायली फोल्डरमध्ये दिसतात, ही सोय एका क्षणात आपत्ती होऊ शकते. अँटीव्हायरस रात्री प्रत्येक फाइल उघडून तपासतो. डेस्कटॉपचं शोधयंत्र आतला मजकूर वाचू पाहतं. फाइल मॅनेजर थंबनेल काढण्यासाठी प्रत्येक व्हिडिओचा तुकडा मागतो. बॅकअपचं सॉफ्टवेअर फाइल बदलली का हे बघायला ती पूर्ण वाचतं. एचएसएमच्या नजरेत हे सगळे खरेच वापरकर्ते. सकाळी येऊन बघावं तर हजारो फायली टेपवरून वर येत असतात, डिस्क भरून वाहते, आणि जी फाइल कोणाला खरंच हवी आहे ती रांगेच्या शेवटी असते.

उपाय सोपे आहेत, ते वेळेआधी करावे लागतात इतकंच. टेपवर गेलेल्या फायलींना ऑफलाइन अशी खूण लागते आणि ती नेटवर्कवरच्या संगणकांपर्यंत पोचते याची चाचणी घ्या. त्या व्हॉल्यूमवर थंबनेल, पूर्वदृश्य आणि अनुक्रमणिका बंद करा. अँटीव्हायरसला फाइल आत येताना एकदाच तपासू द्या. कोणत्याही एका वापरकर्त्याने किंवा प्रोग्रामने तासाला किती फायली वर मागवाव्यात याला मर्यादा घाला. चेकसमची पडताळणीही डिस्कवर आणून करायची नाही. ती एक-एक टेप लावून, टेपच्याच क्रमाने, रिकाम्या ड्राइव्हवर व्हावी. आणि चेकसम काढायचा तो फाइल आत येताना, कॉपी चालू असतानाच. फाइल आधी कॉपी करून मग चेकसमसाठी पुन्हा वाचणं म्हणजे ८.८ टीबी दोनदा वाचणं.

मागण्याआधी वर आणा

पुढे काय लागणार याचा अंदाज बांधणारे प्रोग्राम आहेत, पण महाराष्ट्रातल्या वाहिनीला किंवा संग्रहाला पंचांग आणि दिनदर्शिका सर्वांत आधी उपयोगी पडतात. आषाढीच्या आधी वारीचं फुटेज लागणार, गणेशोत्सवाआधी लालबागपासून कसब्यापर्यंतचं. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, ३० एप्रिलला दादासाहेब फाळक्यांचा जन्मदिवस, ३ मेला १९१३ सालचं ‘राजा हरिश्चंद्र’चं प्रदर्शन, ८ नोव्हेंबरला पु. ल. देशपांड्यांची जयंती. या तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात. संपादकीय विभागाने आठवडाभर आधी यादी द्यावी आणि त्या फायली रात्री, टेपच्या क्रमाने, डिस्कवर याव्यात. ज्येष्ठ कलावंताच्या निधनाची बातमी मात्र सांगून येत नाही, आणि तेव्हा त्यांचं सगळं काम तासाभरात हवं असतं. अशा मोठ्या नावांची निवडक दृश्यं डिस्कवर कायमची ठेवणं, ही संग्रहाने त्यांच्या स्मृतीसाठी केलेली तयारीच आहे. तिथे जागेचा हिशोब करू नये.

रीळ एक मागितलं की रीळ दोनही वर आणा. मैफिलीची एक बाजू ऐकणारा माणूस दुसरीही ऐकणार.

लिहिताना

टेपला डेटा सलग मिळाला नाही तर ती थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते. ड्राइव्ह काही मर्यादेपर्यंत स्वतःचा वेग कमी करते, पण पुरवठा त्याहूनही घटला की ही मागेपुढे घासाघीस सुरू होते. वेळ जातो, हेड झिजतं, पट्टीही झिजते. एडिटर काम करत असलेल्या त्याच डिस्कांवरून टेप लिहायला घेतली की नेमकं हेच होतं. युरोपातल्या सर्न या अणुसंशोधन संस्थेने कॅस्टर ही जुनी प्रणाली सोडून सीटीए उभारली, तेव्हा टेपसमोर लहान पण अतिवेगवान एसएसडी बफर ठेवण्याचा मार्ग धरला. आपल्याला त्यांच्या प्रमाणात जायचं नाही, कल्पना मात्र घेण्यासारखी आहे. एक-दोन चित्रपट मावतील एवढा, सतत लिखाण सोसणाऱ्या एसएसडींचा बफर टेपसाठी राखून ठेवा. गठ्ठा पूर्ण तयार झाल्याखेरीज टेप सुरू करू नका. टेपवरचं कॉम्प्रेशन व्हिडिओला फारसं काही देत नाही, त्यामुळे खोक्यावर ४५ टीबी लिहिलेलं असलं तरी हिशोब १८चाच धरा.

नवी एलटीओ-९ कार्ट्रिज पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेली की ती स्वतःचं मोजमाप करून घेते, आणि त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात. काम अडलेलं असताना हे कळलं तर जीव कासावीस होतो. खरेदी आली की सगळ्या कार्ट्रिज रिकाम्या वेळेत एकेक करून तयार करून ठेवा. टेप १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्या लागतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने बाहेरची हवा याच्या कितीतरी पलीकडे असते. बाहेरून आलेली कार्ट्रिज लगेच ड्राइव्हमध्ये न घालता खोलीच्या हवेत दिवसभर ठेवा.

क्लाउडचा तळाचा थर वापरत असाल तर तिथेही एकेक फाइल मागू नका. ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमधून परत मिळवायला साध्या मार्गाने १२ तासांपर्यंत आणि स्वस्त मार्गाने ४८ तासांपर्यंत लागतात. यादी करूनच मागा.

शेवटचा मुद्दा पिढ्यांचा. एलटीओ-९ची ड्राइव्ह फक्त आठवी आणि नववी पिढी वाचते, दहावीची ड्राइव्ह तर फक्त दहावीच. सातव्या पिढीच्या टेप असतील तर त्यांना एलटीओ-७ किंवा एलटीओ-८ची ड्राइव्ह लागते. ६ टीबीची एक एलटीओ-७ टेप पूर्ण वाचायला साडेपाच तास लागतात. अशा २०० टेप असतील तर एक ड्राइव्ह ४६ दिवस रात्रंदिवस त्यातच गुंतेल, आणि रोजच्या मागण्या तिच्या मागे उभ्या राहतील. त्यासाठी वेगळी ड्राइव्ह राखून ठेवा आणि काम वर्षभरात पसरा. हे स्थलांतर करताना टेप जशीच्या तशी नव्या टेपवर उतरवू नका. फायलींची जागा बदलण्याची ही एकच संधी मिळते. तुमची मागण्यांची नोंद उघडा, एकाच दिवशी एकत्र मागितल्या गेलेल्या फायली एकाच नव्या टेपवर शेजारी-शेजारी ठेवा, सुट्या छोट्या फायलींचे गठ्ठे बांधा, अनुक्रमणिका सुरुवातीला आणा, आणि ज्यांची प्रॉक्सी नाही त्यांची ती त्याच वेळी काढून घ्या, कारण फाइल वर आलेलीच असते.